सातपुड्याच्या सीमेवरील गांजा वाहतुकीचे एक प्रकरण: वजन, पुरावा आणि न सापडलेला मालक

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर असलेल्या एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडले. खटला चालला तेव्हा सरकार पक्षाच्या चमूत मी कनिष्ठ वकील म्हणून काम करत होते. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून आरोपींची, पाड्याची आणि ठाण्याची नावे वगळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत; कायद्याचे प्रश्न मात्र जसे उभे राहिले तसेच मांडले आहेत.

खानदेशातून दोन मोठे रस्ते जातात. मुंबई-आग्रा रस्ता धुळे, शिरपूर, पळासनेर करत बिजासन घाटातून सेंधव्याकडे चढतो आणि सुरत-नागपूर महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा आडवा जातो. आंध्र-ओडिशा सीमेवरील डोंगरांतून निघणारा गांजा या आडव्या रस्त्याने गुजरातकडे सरकतो. अफूची परवानाधारक शेती मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर, रतलाम या पट्ट्यात होते आणि त्या शेतीतून चोरून बाहेर पडलेला डोडा चुरा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, उभ्या रस्त्याने दक्षिणेकडे येतो. या दोन्ही प्रवाहांत खानदेश हा केवळ वाटेवरचा मुलूख आहे. तिसरा प्रवाह मात्र इथेच उगम पावतो. सातपुड्याच्या कुशीतील वनजमिनीवर, कापूस आणि तुरीच्या उभ्या पिकात गांजाची झाडे लावली जातात, दिवाळीच्या आगेमागे ती फुलोऱ्यावर येतात आणि कापणी झाली की माल डोंगरवाटांनी सीमेपलीकडे जातो. प्रस्तुत प्रकरण या तिसऱ्या प्रवाहातले आहे.

या गुन्ह्यांना लागू होणारा कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच बोलीतला एनडीपीएस कायदा. अफूविषयीचे १८५७ आणि १८७८ चे कायदे व १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा यांची जागा त्याने घेतली. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा पदार्थाच्या वजनाशी जोडली गेली. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोहून जास्त ते व्यापारी प्रमाण आणि या दोहोंमधले ते मधले प्रमाण. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणाला किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आहे. मधल्या प्रमाणाला किमान शिक्षा नाही, हे इथेच लक्षात ठेवावे, कारण पुढे सगळे त्यावरच फिरले.

त्या रात्रीचा प्रसंग

रात्री सव्वादहाच्या सुमारास ठाणे अंमलदारांना गुप्त बातमीदाराकडून निरोप मिळाला की एका पाड्यावरून कडब्याने भरलेली पिकअप गाडी निघणार आहे, कडब्याखाली गांजाची पोती आहेत आणि गाडी मध्यरात्रीपूर्वी सीमा ओलांडणार आहे. प्रभारी अधिकाऱ्यांनी ही माहिती स्टेशन डायरीत नोंदवली, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना फोन केला, नोंदीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि दुसऱ्या दिवशी लेखी प्रत रवाना केली. कलम ४२ नुसार अशी माहिती लिहून काढणे आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवणे बंधनकारक आहे, आणि कर्नेलसिंग प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने घाईच्या प्रसंगी आधी कारवाई व नंतर लेखी नोंद चालू शकते, पण नोंद अजिबात न करणे चालणार नाही, असे स्पष्ट केले होते. गाडी खासगी होती आणि वेळ सूर्यास्तानंतरची, म्हणून वॉरंट मिळवेपर्यंत माल निसटेल असे का वाटते याची कारणेही अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली. ही चार ओळींची नोंद पुढे उलटतपासणीत दीड तास टिकली. रात्रीच्या धावपळीत हे भान ठेवणाऱ्या त्या अधिकाऱ्यांविषयी मला आजही आदर वाटतो.

पावणेबाराला गाडी थांबवली गेली. आत तिघे होते. चालक खालच्या सपाटीवरच्या गावचा, भाड्याची गाडी चालवणारा. दुसरा बावीस वर्षांचा पावरा आदिवासी तरुण, पाड्यावरचा, वाट दाखवण्यासाठी बसलेला. तिसरा सीमेपलीकडचा, चाळिशीतला, दोन मोबाइल जवळ बाळगणारा. चालक एवढेच म्हणत राहिला, “माले काही माहीत नही, साहेब. भाडं भेटनं म्हनीसन मी उनू.” तरुण त्या वेळी काहीच बोलला नाही. कडब्याखाली चार गोण्या निघाल्या.

अडचण नेमकी कुठे होती

अडचण गोण्या उघडल्यावर सुरू झाली. आतला माल हिरवट, ओलसर होता आणि त्यात फुलोऱ्याच्या शेंड्यांबरोबर सुटी पाने, बारीक फांद्या आणि बोटाएवढ्या जाड काड्या होत्या. जवळच्या गावातून बोलावलेल्या किराणा दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चारही गोण्यांचे वजन ३४ किलो ६०० ग्रॅम भरले. रिकाम्या बारदानाचे वजन वजा जाता ३२ किलो २०० ग्रॅम उरले. पंचनाम्यात “गांजा, ३२ किलो २०० ग्रॅम” अशी नोंद झाली.

कायद्यातील गांजाची व्याख्या मात्र एवढी सैल नाही. कलम २ मध्ये गांजा म्हणजे कॅनाबिस झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे असे म्हटले आहे आणि शेंड्यांसोबत नसलेल्या बिया व पाने त्यातून वगळली आहेत. शेंड्याला लागून आलेले पान गांजात मोडते, पण गोणीच्या तळाशी वेगळे पडलेले पान मोडते का, आणि काडी तर मुळात शेंडाही नाही आणि पानही नाही, मग ती कशात मोडते, हे प्रश्न जप्तीच्या जागी कोणी विचारले नाहीत. वजन वीस किलोच्या बरेच वर होते, त्यामुळे विचारण्याची गरज कोणाला वाटली नसावी. पंचनाम्यातली बत्तीस किलोची नोंदच पुढे आमच्या अंगावर आली.

समोर असलेले पर्याय

निरोप मिळाल्यापासून गाडी सापडेपर्यंत दीड तास होता आणि तेवढ्या वेळात अधिकाऱ्यांसमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग पाड्यावर जाऊन, माल जिथे ठेवला होता त्या झोपडीवरच छापा घालण्याचा. तसे झाले असते तर पीक, साठा आणि माणसे एकाच जागी सापडली असती. पण रात्रीच्या वेळी डोंगरात सहा-सात पोलिसांनी पाड्यावर शिरणे, भाषेची अडचण, बायका-मुलांचा जमाव, यांतून काहीही उद्भवले असते. अधिकाऱ्यांनी हा मार्ग टाळला, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे.

दुसरा मार्ग रस्त्यावर नाकाबंदी करून गाडी सीमेच्या अलीकडे अडवण्याचा. तोच निवडला गेला.

तिसऱ्या मार्गाची चर्चा त्या रात्री झालीच नाही. ती खटल्याच्या तयारीत, बऱ्याच उशिरा झाली. २००१ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम ५०-अ नुसार माल मुद्दाम पुढे जाऊ देऊन, त्यावर नजर ठेवून, घेणाऱ्यापर्यंत पोहोचता येते. पण हा अधिकार नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकृत केलेला अधिकारी यांच्याकडे आहे. सीमेवरच्या ठाण्याला दीड तासात ती परवानगी मिळणे व्यवहारात अशक्य होते. देशाच्या सीमेवर, बंदरात किंवा विमानतळावर काम करणाऱ्या यंत्रणांना हे साधन वापरता येते, पण दोन राज्यांच्या हद्दीवर, जिथे मालाचा प्रवास जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटरचा असतो, तिथे ते कागदावरच राहते. कायदा कडक करण्याची चर्चा होते तेव्हा या कलमाचा उल्लेख सहसा होत नाही. व्हायला हवा.

केलेली कारवाई

सरकारी पंच म्हणून दोन ग्रामपातळीवरील कर्मचारी आले होते, छायाचित्रकार होता, आणि पंचनामा पहाटे सव्वाचारपर्यंत चालला. त्यात तीन गोष्टी अशा झाल्या की ज्यांचा परिणाम शेवटपर्यंत राहिला.

पहिली गोष्ट अंगझडतीची. कलम ५० नुसार अंगझडती घेण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीला राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा हक्क आहे, हे सांगावे लागते. बलदेवसिंग प्रकरणात १९९९ मध्ये घटनापीठाने आणि परमानंद प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की हा हक्क प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळला पाहिजे. येथे तिघांना मिळून एकच छापील मराठी नोटीस दिली गेली आणि खाली तिघांच्या सह्या घेतल्या गेल्या. त्यातील तरुणाची मातृभाषा पावरी, शिक्षण चौथीपर्यंत, आणि सहीऐवजी अंगठा. त्याला काय समजले असेल, हे न्यायालयात कोणाला सांगता आले नाही. माल गाडीत सापडला होता, अंगावर नव्हे, आणि गाडीच्या किंवा पिशवीच्या झडतीला कलम ५० लागू होत नाही हे पवनकुमार प्रकरणापासून, २००५ पासून, चालत आलेले सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितले होते. त्यामुळे खटला या मुद्द्यावर पडला नाही. पण अंगझडतीत मिळालेले मोबाइल आणि रोकड यांच्या पुराव्याचे वजन मात्र घटले, आणि मालकापर्यंत नेणारी वाट त्याच मोबाइलमधून जात होती.

दुसरी गोष्ट नमुन्यांची. पोलिसांनी १९८९ च्या जुन्या स्थायी आदेशाच्या सवयीने प्रत्येक गोणीतून जागीच नमुने काढून लाखेचे सील लावले. प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात नमुने दंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीच काढावेत असे सांगितले होते, आणि केंद्र सरकारने २३ डिसेंबर २०२२ रोजी जप्ती, साठवण, नमुने व विल्हेवाट यांविषयीचे नवे नियम लागू करून तेच बंधनकारक केले होते. म्हणजे आमच्या प्रकरणाच्या वेळी नवे नियम अकरा महिने जुने होते. ठाण्यातील मुद्देमाल कारकुनाच्या टेबलावर मात्र अजून जुन्या आदेशाचीच झेरॉक्स होती.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे विलंब. कलम ५२-अ नुसार जप्त मालाची यादी करून ती दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यायची असते. पाचव्या दिवशी अर्ज गेला, नमुन्यातील त्रुटीमुळे परत आला, मग बंदोबस्त, मग नाताळची सुटी, असे करत प्रत्यक्ष कार्यवाही अडतिसाव्या दिवशी झाली. तोपर्यंत चार गोण्या एका बंद खोलीत पडून होत्या. ओला माल वाळला. दंडाधिकाऱ्यांसमोर वजन भरले २५ किलो ९०० ग्रॅम.

६ किलो ३०० ग्रॅम कुठे गेले? उत्तर साधे आहे: पाणी उडून गेले. नोव्हेंबरात कापलेला कोणताही हिरवा माल महिनाभरात एवढा वाळतोच, हे खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. पण पंचनाम्यात माल ओला असल्याचा उल्लेख एका शब्दाचा होता आणि वजन घटण्याच्या कारणाची नोंद कुठेच नव्हती. नाशिकच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल गांजा असल्याची पुष्टी करणारा होता, पण त्यात नमुन्याचे वर्णन “शेंडे, पाने व काड्या” असेच होते.

मालकाच्या शोधाची बाजू

तरुणाने पहिल्याच रात्री जे सांगितले ते असे. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक माणूस पाड्यावर आला, बियाणे दिले, पंधरा हजार रुपये उचल दिली, आणि माल तयार झाला की गाडी येईल असे सांगून गेला. पाड्यावर त्याला सगळे “शेठ” म्हणत, खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. वडिलांच्या नावावर वनहक्क कायद्याखाली मिळालेला सव्वा एकराचा पट्टा होता, त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, आणि कापसाच्या पहिल्या वेचणीतून बियाण्याचेही पैसे निघाले नव्हते. हे सर्व तो पोलिसांना सांगत होता, आणि म्हणूनच ते न्यायालयात चालणार नव्हते. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात येत नाही, आणि तोफानसिंग प्रकरणातील २०२० च्या निकालानंतर कलम ६७ खाली घेतलेला जबाबही कबुली म्हणून वापरता येत नाही.

तेव्हा हवा होता तो स्वतंत्र पुरावा. तिसऱ्या आरोपीच्या दोन मोबाइलपैकी एकावर जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एकाच क्रमांकाशी वारंवार बोलणे झालेले होते, आणि यूपीआयवरून त्याच क्रमांकाकडून तीन वेळा रकमा आल्या होत्या. तपास पथक एकदा सीमेपलीकडे गेले. तो क्रमांक एका वीटभट्टी कामगाराच्या नावावर निघाला, कामगार हंगामी स्थलांतरावर गेलेला होता, आणि पथक तीन दिवसांनी परत आले. संशयिताच्या मागे देशात कोठेही जाऊन त्याला अटक करण्याची मुभा कायदा देतो. अडचण कायद्याची नव्हती. पथकाकडे एकच गाडी होती, ठाण्यात त्याच आठवड्यात दुसरा गंभीर गुन्हा घडला होता आणि पलीकडच्या जिल्ह्यात या प्रकरणासाठी नेमलेला एकही संपर्क अधिकारी नव्हता.

येथे दोन गोष्टी करता आल्या असत्या आणि त्या झाल्या नाहीत. एक म्हणजे बँक खात्याचा समांतर तपास. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यासाठी कलम २७-अ आहे, त्याला व्यापारी प्रमाणाइतकीच, दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे, आणि प्रकरण पाच-अ खाली त्याची मालमत्ता गोठवता येते. (याच २७-अ मध्ये २०१४ च्या दुरुस्तीनंतर एका पोटकलमाचा क्रमांक बदलला आणि संदर्भ चुकीचाच राहिला. ती चूक सुधारायला २०२१ साल उजाडले. मालकाला गाठणारे कलम सात वर्षे चुकीच्या क्रमांकाकडे बोट दाखवत होते.) आमच्या दोषारोपपत्रात कलम २० (गांजाची लागवड, बाळगणे व वाहतूक), २५ (गुन्ह्यासाठी गाडी वा जागा वापरू देणे) आणि २९ (कट व चिथावणी) होती, २७-अ नव्हते, कारण ज्याने पैसा दिला त्याचे नावच नव्हते.

दुसरी गोष्ट त्या तरुणाविषयीची. कलम ६४ नुसार शासन एखाद्या व्यक्तीला, तिने सर्व खरी माहिती द्यावी या अटीवर, खटल्यातून सूट देऊ शकते, आणि फौजदारी प्रक्रियेत माफीच्या साक्षीदाराची सोयही आहेच. शेठचा चेहरा पाहिलेला, त्याच्याकडून पैसे घेतलेला, त्याची गाडी ओळखणारा हा एकमेव माणूस होता. त्याला साक्षीदार करण्याचा प्रस्ताव मी चमूत मांडला होता. उत्तर असे मिळाले की आधीच तीन आरोपी आहेत, एक कमी केला तर खटला हलका दिसेल, आणि मंत्रालयापर्यंत प्रस्ताव नेण्यात मुदत निघून जाईल. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात. आमचे दोषारोपपत्र १७२ व्या दिवशी दाखल झाले. मी आग्रह सोडला, आणि तो सोडायला नको होता.

निकाल

जामिनाच्या टप्प्यावरच वजनाचा प्रश्न उभा राहिला. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ आड येते: आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी आधार आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, असे समाधान झाल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. बचाव पक्षाने म्हटले की २५ किलो ९०० ग्रॅममधून काड्या आणि सुटी पाने मिळून सहा किलो बाजूला काढली तर शेंडे वीस किलोच्या खाली येतात, आणि ती सहा किलो नाहीत हे सरकार पक्षाला दाखवता येत नाही. आम्ही २०२० च्या हिरासिंग निकालाचा आधार घेतला, ज्यात मिश्रणातील निरुपद्रवी पदार्थाचेही वजन धरावे असे म्हटले आहे. हा युक्तिवाद लंगडा होता. काडी म्हणजे गांजात मिसळलेला पदार्थ नव्हे, ती त्याच झाडाचा व्याख्येबाहेर राहिलेला भाग आहे. वरच्या न्यायालयाने आठव्या महिन्यात तिघांनाही जामीन मंजूर केला, आणि समोर असलेल्या कागदांवरून दुसरे काही होऊ शकले नसते.

चालक आठवड्यात सुटला. सीमेपलीकडचा आरोपी चार दिवसांत सुटला, पुढच्या दोन तारखांना आला आणि नंतर कधीच आला नाही. पावरा तरुण सुटला नाही. जामीनदार म्हणून सातबारा असलेला माणूस लागत होता. वडिलांच्या नावावरचा वनपट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, म्हणून तो जामिनाला चालला नाही, आणि पाड्यावर दुसऱ्या कोणाकडे सातबारा नव्हता. त्याची आई प्रत्येक तारखेला दोन बस बदलून यायची आणि न्यायालयाच्या ओट्यावर बसून राहायची. एकदा तिने मला मोडक्या मराठीत विचारले, “ताई, तो शेठ कधी येईल?” मला उत्तर देता आले नाही.

खटला जुलै २०२५ मध्ये निकाली निघाला. फरार आरोपीचा खटला वेगळा काढण्यात आला. नमुने जागीच काढले गेले आणि कलम ५२-अ ची कार्यवाही उशिरा झाली, यावरून संपूर्ण खटलाच रद्द करावा अशी बचाव पक्षाची मागणी होती. परंतु केवळ या कलमातील त्रुटीने खटला आपोआप कोसळत नाही, बाकी पुरावा विश्वासार्ह आहे का हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते, आणि विशेष न्यायालयाने तोच मार्ग धरला. जप्ती सिद्ध मानली गेली. तपास अधिकाऱ्यांनी उलटतपासणीत मान्य केले होते की शेंडे, पाने आणि काड्या वेगळ्या केल्या नव्हत्या व शेंड्यांचे प्रमाण किती हे ते सांगू शकत नाहीत. न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन प्रमाण मधले धरले. चालकाला चार वर्षे सक्तमजुरी आणि चाळीस हजार रुपये दंड झाला. तरुणाने तोपर्यंत भोगलेली सुमारे वीस महिन्यांची कैद हीच शिक्षा मानण्यात आली. लागवडीच्या आरोपातून तो सुटला, कारण पट्टा वडिलांच्या नावावर होता आणि शेतात पोलीस पोहोचले तेव्हा तुरीच्या ओळींत फक्त कापलेले बुंधे उरले होते.

काय वेगळे करता आले असते

निकालाच्या सुमारास राज्यात कायदा कडक करण्याची चर्चा जोरात होती. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मकोकामध्ये, दुरुस्ती करून अंमली पदार्थांचे गुन्हे त्याच्या कक्षेत आणण्यात आले. त्याआधी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत अमली पदार्थांचा व्यापार आला होता. या तरतुदींची गरज मला मान्य आहे. मकोकाखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यात येऊ शकते, आणि टोळीचा माग काढणाऱ्या पथकाला त्याने बळ मिळते. पण मकोका लावण्यासाठी गेल्या दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून अधिक दोषारोपपत्रे असावी लागतात. आमच्या शेठचे नाव एकाही दोषारोपपत्रात नव्हते. जो कधी कागदावर आलाच नाही, त्याला हा कायदा शोधून देत नाही. नव्या तरतुदीचा पहिला भार पुन्हा त्या चालकावर आणि वाट दाखवणाऱ्यावर पडण्याचा धोका मला दिसतो, कारण सापडतात तेच.

या प्रकरणात वीस वर्षांची शिक्षा आधीच कायद्यात होती. ती हुकली ती काड्यांमुळे. म्हणून जप्तीच्या जागी शेंडे, सुटी पाने आणि काड्या वेगळ्या करून तिन्हींचे वजन स्वतंत्र लिहिणे हा माझ्या मते सर्वांत परिणामकारक बदल आहे. त्याला दोन ताडपत्र्या, एक वैध मुद्रांकित काटा आणि तासभर वेळ लागतो. माल ओला असेल तर तसे सविस्तर लिहावे, आणि मधल्या काळात वजन घटले तर त्याचे कारण यादीत नमूद करावे. दंडाधिकाऱ्यांसमोरची कार्यवाही आठवड्याच्या आत व्हावी यासाठी तालुका पातळीवर ठराविक दिवस नेमता येईल. आता झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. ते केवळ गोण्या मोजतानाचे न ठेवता, नोटीस समजावून सांगतानाचेही असावे, आणि पावरी, भिली, अहिराणी बोलणारा माणूस त्या वेळी हजर असावा.

पिकाच्या बाबतीत वेळ महत्त्वाची आहे. कलम ४७ नुसार अवैध लागवडीची माहिती देणे हे सरपंच, पंच आणि प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे, पण ते कर्तव्य बजावणाऱ्याला संरक्षण मिळेल याची खात्री पाड्यावर कोणालाच वाटत नाही. पाहणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, फुलोरा धरण्याआधी झाली पाहिजे. नोव्हेंबरात गाडी पकडणे म्हणजे हंगाम संपल्यावर पोहोचणे होय. आणि पाहणीला जाणाऱ्याने उचलीविषयी विचारले पाहिजे, कारण ज्या पाड्यावर पावसाळ्याच्या तोंडावर कोणी अनोळखी माणूस पैसे वाटून गेला आहे, तिथे पुढे काय उगवणार हे तेव्हाच कळते.

सीमेविषयी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि पलीकडील बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर या जिल्ह्यांच्या पोलिसांनी अंमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी नावानिशी संपर्क अधिकारी नेमावेत आणि प्रत्येक जप्तीनंतर अठ्ठेचाळीस तासांत मोबाइल क्रमांक व बँक खात्यांची माहिती एकमेकांना द्यावी. वरिष्ठांना सविस्तर अहवाल पाठवण्यासाठी कलम ५७ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचीच मुदत आहे. त्याच अहवालाची एक प्रत पलीकडे गेली तर वेगळे काही लिहावे लागणार नाही.

कलम ६४ चा प्रस्ताव कोणी, कोणाकडे, किती दिवसांत पाठवायचा याचा नमुना आता मी तयार करून ठेवला आहे. पुढच्या हंगामात तशी वेळ आली तर तो पहिल्या पंधरवड्यात टेबलावर असेल.

सध्याची स्थिती अशी की गोण्यांतील माल विल्हेवाट समितीच्या देखरेखीखाली जाळण्यात आला, चालकाचे अपील प्रलंबित आहे, आणि तिसऱ्या आरोपीविरुद्धचे अजामीनपात्र वॉरंट दोनदा “पत्त्यावर आढळत नाही” अशा शेऱ्यासह परत आले आहे. वीटभट्टी कामगाराच्या नावावरचा तो मोबाइल क्रमांक बंद आहे. तरुण पाड्यावर परतला. यंदा त्याच्या वडिलांच्या पट्ट्यात मका आणि तूर आहे, आणि बियाण्यासाठी त्यांनी पुन्हा उसनवारीच केली आहे.